उघडता येणारी गाडी



कामगार चळवळीतल्या माणसाने खेळण्यावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण रेडिओलहरींवर धावणारी जुनी बग्गी उघडून बसले, की आम्हांस श्रमाचाच प्रश्न दिसतो.

जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९८४ साली ‘ग्रासहॉपर’ बग्गी काढली. ती सुट्या भागांत मिळे. घेणाराच ती जोडी. म्हणून आजही ती स्क्रू काढून उघडता येते. तिच्या वेगयंत्रात एक पट्टी सरकते. वेग कमी हवा, तर वीज रोधकातून जाते आणि थोडी उष्णता होऊन वाया जाते. पट्टीवर काजळी धरली, की गाडी अडते. बॅटरी काढून बारीक काचकागदाने घासली, की चालते. दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून हाताला उपाय सुचतो. तडकलेले रबरी टायर मात्र बदलावेच लागतात. २००५ साली कंपनीने गाडी पुन्हा काढली, त्यामुळे नवे भाग मिळणे सोपे झाले.

याउलट, चिकटवून बंद केलेली वस्तू बिघडली, की ती फेकावी लागते, आणि तिच्याबरोबर दुरुस्ती करणाऱ्याची रोजीही जाते. तेव्हा वस्तू घेताना दुकानदारास एवढे अवश्य विचारा : ही उघडते का, आणि हिचे भाग मिळतात का?