अंगणातला गाविलगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून मुलांच्या किल्ल्यांविषयी चार शब्द बोलावेत असे मी योजले आहे.

मुले अंगणात रायगड करतात, सिंहगड करतात. ते त्यांनी अवश्य करावेत. परंतु २०२५ साली जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य झाले, त्यांत वऱ्हाडातला एकही नाही. तेव्हा चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोटच्या उत्तरेचा नरनाळा यांची ओळख मुलांना आपणच करून द्यायला हवी.

आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्लाही मिळतो. तो पाटावर मांडला की काम संपले! पण हाताने केलेला किल्ला मुलाला विचार करायला लावतो.

आपली काळी माती वाळली की भेगाळते. म्हणून तीत चाळलेली राख व गव्हाचा भुसा मिसळावा. विटा-दगड रचून त्यांवर चिखलात भिजवलेले पोते पसरावे, वर मोहरी पेरावी. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. पुढे मापाकडे लक्ष द्यावे. शिपाई दोन इंचांचा असेल, तर अंबारीचा हत्ती आत जाण्यासाठी दरवाजा सहा इंचांचा तरी हवा.

गेल्या वर्षी माझ्या नातीने गाविलगड केला. उत्तरेला बाहेरचा कोट, मध्ये दरी, पलीकडे आतला कोट. हा गड नागपूरकर भोसल्यांचा होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई जिंकून इंग्रज इकडे वळले. डोंगरातून तोफा ओढीत ते उत्तरेला आले आणि त्यांनी बाहेरचा तट फोडला. हे सांगताच नात म्हणाली, "आजी, आतली भिंत तं उभीच होती, मंग गोरे आत शिरले कसे?"

मी तिला खराट्याच्या काड्यांची शिडी बांधायला सांगितली. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्बेलची तुकडी अशाच शिड्या लावून तटावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. तिने शिडी टेकवून पाहिली, क्षणभर थांबली, आणि दरवाजावरचे चार शिपाई उचलून तटावर नेऊन ठेवले. गड कसा पडला हे तिला आता कोणी पाठ करवून घ्यायला नको.

आणखी एक सांगते. "मुलीच्या जातीने चिखलात कशाला हात घालावा?" असे आपल्यातच काही म्हणतात. अहो, भिंती लिंपल्या, चुली घातल्या, अंगणे सारवली, ती कोणी? मातीचे काम तर आपल्या घरचेच! मग किल्ला करताना मुलींनी नुसते पाणी आणून द्यावे, हे बरे नव्हे.

यंदा प्रत्येक गल्लीत वऱ्हाडातला एक तरी किल्ला व्हावा, आणि त्यात मुलींचे हात मातीने भरलेले दिसावेत, एवढीच माझी विनंती आहे.