प्रतिपिंडांचा अहवाल कसा वाचावा?
(व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाला आई आपले एक मूत्रपिंड द्यायला तयार होते. तपासण्या होतात. एका कागदावर 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' असे छापून येते आणि घरात रडारड सुरू होते. 'आईलाच रोग आहे, आता तिची किडनी चालायची नाही,' असे समजून मंडळी आमच्यापुढे येतात, तेव्हा उपचाराआधी आम्हाला ही भीती काढावी लागते.

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करते. त्यांतील आयजीजी ही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात. आईची सायटोमेगॅलो विषाणूशी, म्हणजे सीएमव्हीशी, पूर्वी कधीतरी गाठ पडली होती, एवढाच त्या कागदाचा अर्थ. भारतातील बहुसंख्य प्रौढांचा अहवाल असाच येतो. एवढ्यावरून दान नाकारले जात नाही.

मग ही तपासणी कशासाठी? हा विषाणू शरीरात सुप्त राहतो आणि दिलेल्या मूत्रपिंडाबरोबर रुग्णात जाऊ शकतो. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असेल तर धोका सर्वांत मोठा, कारण रुग्णाच्या शरीराला या शत्रूची ओळखच नसते. अशा रुग्णास व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध साधारण ६ महिने देतात.

आता दुसरी बाजू पाहू. निगेटिव्ह अहवालानेही निर्धास्त होऊ नये. डायलिसिसवरील काही रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस सी विषाणू असूनही प्रतिपिंडे दिसत नाहीत. रोपणानंतर तर प्रतिपिंडे उशिरा तयार होतात किंवा होतही नाहीत. म्हणून ताप आला की पीसीआर तपासणीने प्रत्यक्ष विषाणूच शोधावा लागतो. हिपॅटायटिस सी वेळीच सापडला तर २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

एका ठिकाणी मात्र प्रतिपिंडे असणे हेच आपल्याला हवे असते. हिपॅटायटिस बी लशीनंतर त्यांची पातळी १० युनिट किंवा अधिक असावी लागते. डायलिसिस सुरू झाल्यावर लशीचा परिणाम कमी होतो आणि दुप्पट मात्रा द्यावी लागते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार कळताच, रोपणाची वाट न पाहता, डॉक्टरांना या लशीबद्दल विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वस्तीत कुणाच्या हाती असा कागद आला तर एवढे जरूर सांगा: पॉझिटिव्ह म्हणजे रोगच असे नाही आणि निगेटिव्ह म्हणजे सुटका असेही नाही. दाता आणि रुग्ण, दोघांचे अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. एका गैरसमजापायी आईचे दान वाया जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.