शेवटच्या शिडीच्या अलीकडे
(फरवानिया येथे घरगुती हळदीकुंकवाच्या वेळी एका भगिनीने केलेले भाषण)



फरवानियात लिफ्ट बंद पडली की चौथा मजला हाच आपला गड. इथली मुतला टेकडी दीडशे मीटरही उंच नाही. थंडीत वाळवंटात तंबू ठोकणाऱ्या शेजाऱ्यांकडे मी कधी चहालाही गेले नाही. अशा बाईला लेकीने यंदा डिसेंबरात भंडारदऱ्याला, धरणाकाठच्या तंबूत नेलं. दुसऱ्या दिवशी कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. माझं वय एकसष्ट, आणि उजवा गुडघा माझ्याहून म्हातारा!

तंबूतल्या रात्रीबद्दल एवढंच सांगते, की स्वच्छतागृह लांब होतं आणि मी संध्याकाळपासून पाणी प्यायले नाही.

पण कळसूबाईची कथा ऐकली आणि माझं मन वळलं. गावकरी सांगतात, काळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. अट एकच, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, ती कायमची. मला वाटलं, ही देवी आपल्यातलीच. हिला भेटायला हवं.

बारी गावातून पहाटे निघालो. कड्यांना लोखंडी शिड्या आहेत. चढताना खाली बघायचं नाही, असं सगळे सांगतात. मी वरही बघितलं नाही, फक्त पुढची पायरी. शिखराच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथे गुडघ्याने साफ नकार दिला. लेक म्हणाली, "आई, इतकंच राहिलंय, हात देते." मला ते नको होतं. उतरायचं माझं मलाच होतं.

तिथे सरबत विकणाऱ्या एक ताई होत्या. पाण्याचे कॅन घेऊन रोज चढतात. म्हणाल्या, "मावशी, बसा हितंच. देवी काय पळून जातीय व्हय?" मी पिशवीतला खण-नारळ त्यांच्या हाती दिला. त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग ओटी घेतली आणि भराभरा शिडी चढून गेल्या. पायात प्लॅस्टिकची चप्पल, तीही एका बाजूने शिवलेली. थोड्या वेळाने परत येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावलं. सरबताचे पैसे घेतले, ओटी पोचवल्याचे घेईनात.

त्या चपलेसाठीच मी आज उभी राहिले आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी उन्हाळ्यात घरी जातात. बॅगेत दोन किलो जागा ठेवा. घट्ट तळव्याचे बायकांचे बूट, बॅटरी, रेनकोट, जे जमेल ते. नवंच हवं असं नाही, पण फाटकं नको. जून लागण्याआधी बारीला पोचवायचं माझ्या लेकीने कबूल केलं आहे. पायांची मापं मी फोनवर विचारून वहीत लिहून आणली आहेत. वही फराळाच्या टेबलावर ठेवते.