‘पाकिस्तानी’ म्हणजे नेमकं कोण?

(दिघाशी, ता. भिवंडी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आज मला एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. ‘पाकिस्तानी’.

पासपोर्टवर हा शब्द राष्ट्रीयत्व सांगतो. कापडबाजारात ‘पाकिस्तानी सूट’ म्हटलं की लांब कुर्त्याचा ड्रेस समोर येतो, आणि तो सगळ्या धर्मांच्या बायका हौसेनं घेतात. तिसरा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. क्रिकेटचा सामना असो की पार्किंगवरून भांडण, तो आपल्या अंगावर फेकला जातो. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव यांना ‘मिनी पाकिस्तान’ म्हणतात तेही याच अर्थानं.

परक्या लोकांच्या नावाला असे अर्थ चिकटणं मराठीला नवं नाही. ‘यवन’ हा मुळात आयोनियन ग्रीकांसाठीचा शब्द. कार्ल्याच्या लेण्यात खांबांसाठी दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. ते दान बौद्ध लेण्याला होतं. पुढे हाच शब्द मराठीत मुसलमानांसाठी वापरला गेला. ‘मोगलाई’ म्हणजे अंदाधुंदी झाली, तरी मोगलाई जेवण मात्र आवडीनं खाल्लं जातं!

‘पाकिस्तान’ हा शब्द तर शंभर वर्षांचाही नाही. १९३३ साली केंब्रिजमध्ये असलेल्या चौधरी रहमत अलींनी तो एका पत्रकातून मांडला. पंजाब, सरहद्द प्रांत, काश्मीर, सिंध, बलुचिस्तान यांवरून तो जुळवलेला. त्यात आपला ठाणे जिल्हा कुठेच नव्हता.

आणि शिवी झाल्यावर हा शब्द पासपोर्ट बघत नाही. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘पाकी’ म्हणून ज्यांना मारहाण झाली, त्यांत भारतातून गेलेले हिंदू आणि शीखही होते. उलट, उत्तर प्रदेश-बिहारमधून कराचीला गेलेले लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या ‘मुहाजिर’ राहिले, आणि त्यांच्यावर ‘भारताचे हस्तक’ असा आरोप होत राहिला.

आता कायद्याकडे येऊ. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बंगळुरूच्या मुस्लिमबहुल भागाला ‘पाकिस्तान’ म्हटलं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की भारताच्या कुठल्याही भागाला कोणीही पाकिस्तान म्हणू शकत नाही. २०२५मध्ये झारखंडचं एक प्रकरण आलं. सरकारी कर्मचाऱ्याला ‘पाकिस्तानी’ म्हटलं होतं. न्यायालय म्हणालं, हे असभ्य आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा यातून होत नाही.

अनेकांना हा निकाल खटकला. मला मात्र त्यातून एक वाट दिसते. ‘पाकिस्तानी’ म्हटल्यानं माझा धर्म दुखावला, असं मी म्हणालो, तर तो शब्द माझ्या धर्माचंच नाव आहे हे मी मान्य केलं. समोरच्याला तेच तर हवं असतं! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात धर्म भरला, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. वार आपल्या नागरिकत्वावर आहे. तेव्हा उत्तरही नागरिक म्हणून द्यायचं.

ते कसं? एक : देशभक्तीचा दाखला देत बसू नका. शेजाऱ्याकडे तो कोणी मागत नाही, मग आपणच का द्यायचा? दोन : कामावर, कॉलेजात, सोसायटीत हा शब्द वापरून हक्क नाकारला, तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. तक्रारीत ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर थांबू नका. काय नाकारलं गेलं ते लिहा : घर, नोकरी, प्रवेश. तीन : ‘पाकिस्तानी’ ही शिवी आहे असं आपणही मानायचं नाही. तिथेही कोट्यवधी साधी माणसं राहतात. आक्षेप एवढाच की मी त्या देशाचा नागरिक नाही.

आणि शेवटचं, थोडं कडू. यंत्रमागावर राबणाऱ्याला आपल्यातलेच काही जण ‘भैया’ म्हणून हिणवतात. बंगाली बोलणारा मजूर दिसला की ‘बांगलादेशी’, ईशान्येची मुलगी दिसली की ‘चिंकी’. हे शब्द आपल्या तोंडी चालत असतील, तर दुसऱ्याच्या तोंडचा शब्द थांबवायचा अधिकार आपल्याला कुठून येणार? सुरुवात तिथून करू.