एका जिप्सीचा वारस

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये एक अधिसूचना काढली. ज्या सरकारी वाहनांच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली असतील, त्यांच्या नोंदणीचे १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होणार नाही, असा तिचा आशय होता. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरली जाणारी चिलखती व विशेष वाहने तेवढी तीतून वगळलेली होती. असल्या अधिसूचना आम्हा नोकरवर्गाच्या टेबलावर रोजच येतात, आणि ‘पाहिले’ अशी सही होऊन पुढे जातात. ही मात्र मी दोनदा वाचली. कारण माझ्या खिडकीखाली उभी असलेली जिप्सी त्याच उन्हाळ्यात पंधरा वर्षांची होत होती.

त्या वेळी माझी नेमणूक हिमाचल प्रदेशातील स्पीतीच्या खोऱ्यात होती. काझा हे तेथील मुख्य गाव सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर दोनदा एकावर एक ठेवले, तरी काझ्याला पोहोचत नाही. मनालीकडून येणारा रस्ता कुंझुमची खिंड ओलांडून येतो आणि हिवाळ्याचे काही महिने बर्फाखाली गडप होतो. सिमल्याहून किन्नौरमार्गे येणारा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरांच्या घरातला. तो बारमाही म्हणवतो खरा, पण मालिंग नाल्यापाशी डोंगराने अंग झाडले, की तोही मिटतो. अशा ठिकाणी गाडी ही अधिकाऱ्याच्या इतमामाची वस्तू राहत नाही. ती कचेरीचाच एक अवयव होते.

आपल्या देशातील राज्यकारभाराची आणि जीपची गाठ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यासाठी घडविलेले हे वाहन स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात सुटे भाग जोडून तयार होऊ लागले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याबरोबर जीप खेडोपाडी गेली. ‘जीप आली’ या दोन शब्दांत साहेब आला, तगाई आली, वसुली आली, निवडणूक आली, असे अनेक अर्थ सामावू लागले. आपण आज इंदुरास असा, बंगळुरास असा की सांगलीस, पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना ती उडणारी धूळ आणि तिच्यामागे धावणारी पोरे आठवतील.

जिप्सी ही त्या घराण्यातील धाकटी पाती. १९८५ च्या अखेरीस मारुतीने ती बाजारात आणली. मूळ आराखडा जपानच्या सुझुकी कंपनीच्या जिम्नीचा. पुढे तिला १,२९८ घन सेंटिमीटरांचे पेट्रोलवर चालणारे यंत्र मिळाले. त्याची शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन हजार किलोंच्याही आत. तिचा सगळा महिमा या हलकेपणात होता. जड गाडी जेथे चिखलात रुतून बसे, तेथून ही निसटून जाई. आणि रुतलीच, तर चार माणसे तिला खांदा देऊन बाहेर काढीत. रुंदी अवघी १,५४० मिलिमीटर असल्यामुळे कड्याच्या वाटेवर समोरून मालमोटार आली, तरी बाजूला सरकण्यास जागा उरे. शिवाय पेट्रोलचे यंत्र कडाक्याच्या थंडीतही जागे होते. डिझेलमधील मेण थंडीने गोठते आणि नळ्या तुंबतात. म्हणून त्या भागात डिझेलच्या टाकीखाली शेगडी ठेवण्याचा जिवावरचा उद्योग वर्षानुवर्षे चालला. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी आणले ते २०१९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे अगदी अलीकडे.

तर अशा गाडीच्या जागी दुसरी कोणती घ्यावी, हा प्रश्न होता. कचेरीत ज्याला त्याला विचारावे, तो म्हणे, ‘साहेब, हीच पुन्हा घ्या.’ ते शक्य नव्हते. अपघातातील सुरक्षेचे नियम कडक झाले आणि २०१९ साली जिप्सीची सर्वसाधारण विक्री संपली. जिने हजारो जिप्सी वापरल्या, त्या भारतीय सेनेलाही हा प्रश्न सुटला नव्हता. सेनेने नव्या गाडीसाठी आठशे किलोंचा भार, पक्के छप्पर आणि वातानुकूलन अशा अटी घातल्या. २०१७ मध्ये टाटांच्या तीन हजारांवर सफारी स्टॉर्म मागविल्या आणि २०२३ मध्ये महिंद्रांच्या स्कॉर्पिओ. या गाड्या जिप्सीहून कितीतरी जड व रुंद आहेत. सेनेने जिप्सीची प्रतिमा शोधलीच नाही. आपल्या कामाचे स्वरूप आता काय आहे, एवढे तिने पाहिले. हे मला पुढे कळले. आरंभी मीही जिप्सीची जुळी बहीणच शोधत होतो.

बाजारात तेव्हा तीन नावे होती. महिंद्रांची थार, फोर्सची गुरखा आणि त्याच जूनमध्ये विक्रीस आलेली पाच दारांची जिम्नी. गुरखा दणकट, डिझेलवर चालणारी. दोन्ही आसांची चाके एकत्र बांधून टाकणारी तिची कळ तर मनात भरावी अशी. पण ती सुमारे १,८१० मिलिमीटर रुंद. थारला टर्बोचे पेट्रोल यंत्र मिळते, आणि उंचीवर टर्बोचे मोल मोठे आहे. कोमिक गावी, साडेचार हजार मीटरांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. साधे यंत्र तेथे माणसासारखेच धापा टाकते. जिप्सीची ८० अश्वशक्ती कोमिकच्या चढावर पन्नाशीच्याही खाली येत असणार. टर्बो हवा कोंबून ही तूट पुष्कळशी भरून काढतो. मात्र त्या वेळच्या थारला दारे दोन, आसने चार, आणि तीही गुरखाइतकीच ऐसपैस. जिम्नीला टर्बो नाही. १,४६२ घन सेंटिमीटरांचे साधे पेट्रोल यंत्र, सुमारे १०५ अश्वशक्ती, वजन बाराशे किलोंच्या आसपास आणि रुंदी १,६४५ मिलिमीटर. वजनाच्या मानाने शक्ती काढली, तर ती जुन्या जिप्सीहून किंचित सरस भरते. हे सारे मी तुलनात्मक तक्त्यात मांडले आणि नस्ती वर पाठविली.

वरून उत्तर आले ते वेगळेच. ‘खोऱ्यातील बहुतेक रस्ते आता डांबरी झाले आहेत. चारचाकी चलनाच्या महाग वाहनाची आवश्यकता स्पष्ट करावी. साधे, प्रशस्त वाहन का चालू नये?’

राग आला, हे कबूल करतो. पण प्रश्न खोटा नव्हता. किब्बर आणि चिचम ही समोरासमोरची गावे. मध्ये काही शे फूट खोल घळ. पूर्वी माणसे दोरावरच्या पाळण्यात बसून ती ओलांडीत. २०१७ मध्ये तेथे पूल झाला आणि आज शहरातल्या नाजूक मोटारीही त्यावरून जातात. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगची खिंड चढून जाण्याची गरज संपली. ज्या खडतर वाटांसाठी ती जिप्सी एके काळी घेतली होती, त्यांतल्या कितीतरी वाटा तिच्या हयातीतच सुधारल्या होत्या. आपण गरज सांगतो आहो की प्रेम, अशी शंका मलाच येऊ लागली.

म्हणून मी गाडीची जुनी लॉगबुके मागविली. पंधरा वर्षांच्या त्या वह्या, कडा कुरतडलेल्या, पेट्रोलचा वास धरलेल्या. तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, प्रयोजन, सही. तीन रात्री मी त्या वाचल्या. वरून आलेल्या पत्राची बाजू त्यांनी बळकटच केली. अलीकडच्या वर्षांत पानेच्या पाने ‘काझा ते ताबो, बैठक’, ‘काझा ते रिकाँग पिओ, टपाल व रोकड’ अशीच होती. मात्र मधूनच, विशेषतः नोव्हेंबर ते मार्चच्या पानांवर, प्रयोजनाच्या रकान्यात एकच शब्द आढळे: ‘तातडीचे’. बाकी काही नाही. किलोमीटरांत मोजले, तर या फेऱ्या नगण्य होत्या.

आमच्या गाडीचे चालक पहिल्या दिवसापासून तिच्यावर होते. पहाडात चालकाला ‘उस्ताद’ म्हणतात. आम्हीही तसेच म्हणत असू. एक पान त्यांच्यापुढे धरून मी विचारले, ‘उस्ताद, हे लोसारचे काय?’ त्यांनी पान न वाचताच सांगितले. लोसारची एक बाळंतीण अडली होती. दोन दिवसांचा बर्फ पडलेला. जिप्सीच्या मागल्या भागात दोन बाकडी समोरासमोर असत. त्यांतले एक उचलून, पुढचे डावे आसन कलते करून त्यांनी खाली गादी अंथरली आणि सासूला दुसऱ्या बाकड्यावर बसविले. साठेक किलोमीटरांना सात तास लागले. ‘मुलगी झाली,’ ते म्हणाले, ‘काझ्याच्या दवाखान्यात. आता शाळेत जाते.’ पुढच्या पानाला मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्या पानावरचा एक झारखंडचा रस्तेमजूर होता, एवढेच मला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

आता रुग्णवाहिका आहेत, आणि त्या येतातही. पण त्या रात्री येतीलच असे नाही, आणि त्या भागात जवळचे दुसरे वाहन म्हणजे सरकारी कचेरीचे. वरच्या पत्राला मी उत्तर लिहिले ते या पानांच्या नकला जोडून. किती किलोमीटर डांबरी आणि किती कच्चे, हा हिशेब मी मुद्दामच दिला नाही. जे वाहन वर्षातून सहा वेळा बर्फातून माणूस आणते, त्याचे मूल्य उरलेल्या फेऱ्यांच्या सरासरीने काढू नये, असे लिहिले. हे वाक्य सरकारी पत्रव्यवहाराच्या मानाने जरा धीटच होते. मंजुरी आली, शेरा काही नव्हता.

निवड व्हायची राहिलीच होती. मी उस्तादांना म्हटले, ‘जिप्सीच्या सर्वांत जवळची कोणती, ते तुम्हीच सांगा.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘साहेब, जिप्सीच्या जवळची नको.’

मला धक्काच बसला. मग त्यांनी एकेक सांगितले, तक्रारीचा सूर न लावता. कापडी छपरातून वारा येतो. हिवाळ्यात सुकाणूवर बोटे वळत नाहीत. खाली कमानी पोलादी, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दगड कण्यात उमटतो. वयाच्या पन्नाशीत सकाळी वाकून बूट बांधता येत नाहीत. खाली दरीत गेलो, तर आतल्यांना आधार कशाचा? ‘तुम्ही लोक तिच्यातून वर्षातले काही दिवस जाता,’ ते म्हणाले, ‘आणि दर तीन वर्षांनी तुमची बदली होते.’

यात उपरोध नव्हता. असता तर सोसला असता. जिप्सीचे गोडवे गाणारे आम्ही सारे तिचे उतारू होतो. मोकळी हवा, उघडी पाठ, खडखडाट, यांत आम्हाला पराक्रमाचा भास होई. त्या पराक्रमाचे मोल ज्याच्या पाठीने भरले, त्याला पंधरा वर्षांत कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे खाली मैदानात एका विक्रेत्याकडे गेलो. तेथील टापटीप तरुण आम्हाला पडद्यावर गाणी कशी लागतात, ते दाखवू लागला. उस्तादांनी जिम्नीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून आस पाहिले, मागची आसने पाडली, पुढचे डावे आसन पार मागे कलते केले, बूट काढले, आणि सरळ आत जाऊन आडवे झाले. तो तरुण माझ्याकडे पाहू लागला. आतून आवाज आला, ‘साहेब, माणूस मावतो. पाय थोडे दुमडावे लागतात. पण बसवून नेण्यापेक्षा बरे.’ थार आणि गुरखा या गाड्यांतही आम्ही हाच प्रयोग केला होता. गुरखात डोक्यावरची जागा उत्तम, पण कड्याच्या वाटेवर ती रुंदी त्यांना नको होती. थारच्या दोन दारांतून आजाऱ्याला मागे न्यायचा कसा, हे त्यांना पटेना. उंचीवर तिचे यंत्र सर्वांत समर्थ, हे मी दोनदा सांगून पाहिले. ‘चढ हळू चढता येतो,’ ते म्हणाले.

जिम्नी घेतली. ती निर्दोष आहे असे नाही. मागे सामान ठेवायला जागा थोडी. जिप्सीत सहज आठ माणसे कोंबली जात, हीत चार. तिचा एखादा दिवा लुकलुकू लागला, की गावातला लोहार उपयोगी पडत नाही; संगणक जोडणारा माणूस सिमल्याच्या बाजूने यावा लागतो. पहिल्याच हिवाळ्यात असा दिवा एकदा लागला आणि चार दिवस आम्ही त्याकडे पाहत बसलो. पण आत उबेची सोय आहे, सुरक्षेच्या हवाई पिशव्या आहेत, आणि डिसेंबरात कोमिकहून उतरल्यावर उस्ताद हातमोजे काढून चहाचा पेला धरतात, हे मी पाहिले आहे.

जुन्या गाडीचे निर्लेखन झाले. नियमाप्रमाणे तिला मोडीत काढायचे, ते नोंदणीकृत केंद्रातच. आणि ते केंद्र मैदानी प्रदेशात. मालमोटारीवर चढवून न्यावी, असा प्रस्ताव होता. उस्ताद म्हणाले, चालत जाईल. नोंदणीची मुदत संपण्यास दोन दिवस असताना ते तिला घेऊन निघाले आणि चौथ्या दिवशी बसने परतले. सोबत केंद्राची पावती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चाक खोलण्याची टॉमी. ती गाडीबरोबर का दिली नाही, असे भांडारपालाने विचारले. उस्ताद म्हणाले, ती गाडीबरोबर आलीच नव्हती. २०१४ साली स्वतःच्या पैशाने आणली होती. नोंदवही उघडून पाहिली. तेथे टॉमीची नोंद खरोखरच नव्हती. ती आता नव्या गाडीच्या आसनाखाली असते.