गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला अधिक मोबदला द्यावा काय?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे फेरफार करून)



मी बी.ए., बी.एड. माझे विषय मराठी आणि इतिहास. अशा माणसाने गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या मोबदल्याविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या प्रश्नाची झळ मला प्रत्यक्ष लागलेली आहे, म्हणूनच हा विषय मी मागून घेतला.

कौंडण्यपूर म्हटले की आपल्याला रुक्मिणीचे माहेर आठवते, वर्धा नदीचा काठ आठवतो, आषाढीसाठी पंढरपूरला निघणारी पालखी आठवते. मला मात्र तिथली सकाळची एस.टी. आठवते. दहावीनंतर सायन्स घ्यायचे तर पोरांना कुऱ्हा, तिवसा नाहीतर नदीपलीकडे आर्वी गाठावी लागते. ज्यांच्या घरी दोन पैसे आहेत ते थेट अमरावतीला किंवा अकोल्याला खोली करून राहतात. बाकीचे आर्ट्स घेतात. आवडीने घेणारे त्यांत थोडे.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका शाळेत मी होतो. तिथे बी.एस्सी., बी.एड. झालेले एकच सहकारी होते. फार चांगले शिकवीत. तिसऱ्या वर्षी अकोल्याच्या एका खाजगी क्लासवाल्याने त्यांना तिप्पट पगार देऊ केला आणि ते गेले. त्यांना मी दोष देत नाही. घरी म्हातारे आईवडील, दोन बहिणींची लग्ने, आणि इकडे शिक्षणसेवकाचे तुटपुंजे मानधन. २०२३ साली ते माध्यमिकला ८,००० वरून १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ९,००० वरून २०,००० रुपये झाले, ही गोष्ट खरी. पण ही वाढ त्यांच्या वाट्याला आली नाही. ते गेल्यावर संचमान्यतेत बसेल तेवढ्याच माणसांत शाळा चालवायची होती. मुख्याध्यापकांनी नववी-दहावीचे गणित माझ्याकडे दिले.

मी शिकवले. म्हणजे गाईड पाहून फळ्यावर उतरवून दिले. एके दिवशी एका मुलीने विचारले, ‘‘सर, वर्गसमीकरणाचं हे सूत्र आलं कुठून?’’ मी म्हटले, ‘‘पाठ कर, परीक्षेत विचारत नाहीत.’’ त्या रात्री झोप लागली नाही. पुस्तक उघडून पूर्ण वर्ग पद्धत धुंडाळली आणि आठ दिवसांनी तिला सांगितली. पण आठ दिवसांत वर्ग पुढे निघून गेला होता. पुढे ती पास झाली, बऱ्या गुणांनी झाली. तिचे वडील मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, पोरीले सायन्सले टाकलं असतं, पन शिकवनारं कोन हाय?’’ त्यांच्यासमोर मला मान वर करता आली नाही.

आता मूळ मुद्दा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधराची श्रेणी ३८,६०० पासून आणि कनिष्ठ महाविद्यालयाची ४४,९०० पासून सुरू होते. यात विषयाचा भेद नाही. भौतिकशास्त्राला तेच आणि माझ्या इतिहासाला तेच. हे न्यायाचे आहे असे आपण सारे मानतो, मीही मानतो. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर असा समतेचा कायदा चालत नाही. तिथे भौतिकशास्त्राला भाव आहे आणि मला नाही. म्हणजे आर्थिक प्रोत्साहन आजही दिले जातेच, फक्त ते शाळा सोडण्यासाठी दिले जाते! आणि शाळेत राहून शिकवणी करावी म्हटले तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने त्याला बंदी आहे. ती योग्यच आहे.

जादा पैसे देण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच परकी नाही. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळाली, नक्षलग्रस्त भागात मूळ पगाराच्या १५ टक्के, कमाल १,५०० रुपये प्रोत्साहन भत्ताही ठरला. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात कुणी शिक्षक वरची श्रेणी घेतो तेव्हा अमरावतीचा शिक्षक त्याला अन्याय म्हणत नाही. अवघड जागेला जास्त देता येते. मग जो विषय शिकवायला माणूसच मिळत नाही, त्याला का नाही?

मात्र पैसे कशाबद्दल द्यायचे, इथे मोठी गफलत होऊ शकते. चटकन सुचते ते असे की दहावी-बारावीचा निकाल पाहून द्यावेत. इंग्लंडात १८६२ साली हेच झाले. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षा यांवर शाळेचे अनुदान ठरू लागले. शिक्षक त्या परीक्षेपुरतेच घोकून घेऊ लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. शतक संपता संपता ती मोडीत निघाली. आपल्या मुंबई इलाख्यातही एके काळी निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती.

पण एवढ्यावरून निकाल लावून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. अविभाजित आंध्र प्रदेशात २००५ पासून ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत असा प्रयोग झाला. मुलांची प्रगती पाहून शिक्षकांना बक्षीस. सरासरीने ते वर्षाच्या पगाराच्या सुमारे ३ टक्केच होते. तरी दोन वर्षांत त्या शाळांतील मुले गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढे गेली. उलट अमेरिकेत नॅशव्हिल शहरात २००६ ते २००९ या काळात गणिताच्या शिक्षकांना १५,००० डॉलरपर्यंत बक्षीस लावले, आणि एकंदरीत फरक पडला नाही. त्याच देशात टेक्सासमध्ये मात्र गणित-विज्ञानाच्या वरच्या परीक्षेला बसणारी व उत्तीर्ण होणारी मुले वाढली. तिथे पैशाच्या जोडीला शिक्षकांचे प्रशिक्षण होते आणि मुलांसाठी जादा तास होते. माझ्या मते फरक तिथे आहे. ज्याला येत नाही त्याला तुम्ही १५,००० डॉलर दाखवले तरी येणार नाही. मला वर्गसमीकरणाचे सूत्र कोणत्याही बक्षिसाने त्या दिवशी सांगता आले नसते.

आपल्या संस्थेपुढे आणखी एक अडचण आहे. उर्दू माध्यमातले मूल दहावीपर्यंत ‘मुसल्लस’ शिकते, शेजारच्या मराठी शाळेतला मित्र त्याला ‘त्रिकोण’ म्हणतो आणि अकरावी सायन्सला दोघांपुढेही ‘ट्रँगल’ येतो. हा ओढा पार करून देणारा शिक्षक तर दुर्मिळातला दुर्मिळ. त्याला निकालाच्या टक्क्यांत मोजू नका. त्याने नापास होणारा पोरगा सायन्सला टिकवला तर टक्केवारी उलट घसरेल.

म्हणून माझी सूचना अशी की वेतनश्रेणीला हात न लावता संस्थेने स्वतःच्या निधीतून, गणित-विज्ञानाचा जो शिक्षक खेड्यातल्या शाळेत तीन वर्षे टिकेल त्याला तिसऱ्या वर्षाअखेर ठरावीक रक्कम द्यावी, पुन्हा पाचव्या वर्षी द्यावी. शाळा सुटल्यावर त्याने नववीपासून पुढच्या मुलांचे जे जादा तास घ्यावेत, त्यांचे तासाप्रमाणे मानधन संस्थेने द्यावे. मुलांकडून छदामही घेऊ नये. रक्कम किती हे कोषाध्यक्षांनी ठरवावे. क्लासवाल्याशी बरोबरी आपल्याला साधणार नाही, ती साधायचीही नाही. त्या माझ्या सहकाऱ्यांना तिप्पट नको होते. जाताना ते मला म्हणाले होते की बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटेल एवढी सोय असती तर मी थांबलो असतो.

शिक्षक-खोलीत हे भाषण सर्वांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. ‘‘मग भाषेला, इतिहासाला किंमत नाही काय?’’ असे एकाने कालच विचारले. किंमत आहे. पण इतिहासाचा शिक्षक गेला तर जाहिरात देताच दहा अर्ज येतात, त्यांत माझ्यासारखे पुष्कळ असतात. गणिताच्या जागेसाठी वर्ष वर्ष वाट पाहावी लागते, आणि त्या वर्षातली मुले परत पहिल्या बाकावर येऊन बसत नाहीत.

आणि जिथे असा शिक्षक मिळणारच नाही, तिथे पुढेही कुणीतरी बी.ए., बी.एड.च गणित घेणार आहे. तेव्हा येत्या मे महिन्याच्या सुट्टीत संस्थेने आमच्यासारख्यांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग काढावा. शिकवणाऱ्या विज्ञान-शिक्षकाला त्याचे मानधन द्यावे. शिकणाऱ्यांना भत्ता नको, दुपारचा चहा पुरे. त्या वर्गात पहिले नाव माझे लिहावे.