उकिरडा हलविणे आणि उकिरडा मोडणे



संत गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा हातात घेऊन. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तनास उभे राहावयाचे, असा त्यांचा क्रम असे. झाडणारा आणि बोलणारा माणूस एकच असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन येई. १९५६ साली बाबा गेले. महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी मुलांनाही ते पाठ्यपुस्तकातून भेटतात. परंतु आपल्याच वस्तीच्या कोपऱ्यावर कोणीतरी रात्रीतून कचरा ओतून गेले, की नेमके काय करावे हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

त्याचा एक चांगला धडा बंगळूर शहरात मिळतो. २०१० साली तेथील काही नागरिकांनी ‘द अग्ली इंडियन’ या जरा बोचऱ्याच नावाने काम सुरू केले. आपली नावे ते सांगत नाहीत. पुढे एका जाहीर व्याख्यानातही त्यांचा वक्ता चेहरा झाकूनच उभा राहिला. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचे ब्रीद. महाविद्यालयीन तरुण आणि नोकरदार मंडळी त्यांना येऊन मिळाली आणि पाहून पाहून इतर शहरांतही असे गट उभे राहिले.

त्यांच्या पद्धतीतील पहिली गोष्ट झाडणे नव्हे, पाहणे आहे. कोपऱ्यावर कचरा कोण टाकतो, किती वाजता टाकतो, तेथेच का टाकतो? उत्तरे साधी असतात. कचऱ्याची गाडी येते तेव्हा घराला कुलूप असते. मग कामावर निघालेला माणूस दुचाकीवरूनच पिशवी भिरकावतो. खानावळीचे उरलेसुरले, कोंबडीच्या दुकानातील पिसे, घरदुरुस्तीची विटामाती या सर्वांना अंधारा कोपरा सोयीचा वाटतो. एकाने टाकले की दुसऱ्याला परवानाच मिळतो. हे कळल्यावर मग फावडी निघतात. ढीग उचलला जातो, पदपथ दुरुस्त होतो, भिंतीला रंग लागतो. खालचा पट्टा गेरूसारखा तांबडा रंगवितात, कारण पानाची पिचकारी त्यावर उठून दिसत नाही! कुंड्या येतात, कोठे बसायला बाकही येते. ज्या जागेची कोणीतरी निगा राखतो असे दिसते, तेथे पिशवी टाकताना हात अडखळतो.

अडखळतो, थांबतोच असे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे पुन्हा दोन पिशव्या पडलेल्या असतात, आणि तरुणांच्या गटाची खरी परीक्षा त्या पहाटे सुरू होते. रविवारी सारख्या रंगाचे सदरे घालून, छायाचित्रे काढून घरी गेलेल्या गटाला त्या पिशव्या दिसतच नाहीत. त्या छायाचित्रांचा राग धरण्याचे कारण नाही. पण सोमवारचे छायाचित्र कोणी काढीत नाही, हेही खरे.

आणखी एक प्रश्न पुष्कळदा राहून जातो. उचललेला ढीग जातो कोठे? बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे शहराबाहेरच्या मावळ्ळीपुरा, मंडूर अशा गावांच्या माथी मारला गेला. दुर्गंधी, माशा आणि नासलेले पाणी सोसणाऱ्या गावकऱ्यांनी अखेर गाड्या अडविल्या. २०१२ साली शहरात रस्तोरस्ती ढीग साचले आणि त्याच वर्षी कचऱ्याचे वर्गीकरण सक्तीचे झाले. मंडूरला कचरा नेणे २०१४ च्या अखेरीस बंद झाले. म्हणजे कोपऱ्यावरचा ढीग तसाच गाडीत भरला, तर उकिरडा मोडला जात नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारी हलतो.

म्हणून जाणते गट उचलण्याआधी निवडतात. ओले वेगळे, कोरडे वेगळे, काचा आणि सुया वेगळ्या. हातमोजे आणि जाड तळाचे बूट नसतील, तर शाळकरी मुलांना ढिगात हात घालू देऊ नये. कोरडा माल प्रभागातील संकलन केंद्रात जातो. बंगळूरमध्ये अशी अनेक केंद्रे पूर्वी रस्त्यावर कचरा वेचणारी माणसेच चालवितात. ‘हसिरू दळ’ या संस्थेने त्यांना संघटित केले आहे. कोणते प्लॅस्टिक विकले जाते आणि कोणते नाही, हे पदवीधर स्वयंसेवकापेक्षा त्यांना कितीतरी अधिक कळते. परमुलखात राहणाऱ्या मराठी तरुणाने ‘हसि कस’ म्हणजे ओला कचरा आणि ‘ओण कस’ म्हणजे सुका, हे कानडी शब्द तरी शिकून घ्यावेत. शहर परके वाटते तोवर त्याचा कोपराही परकाच राहतो.

आता पालकांसाठी एक अप्रिय गोष्ट. ढीग निवडताना पार्सलांचे खोके निघतात आणि त्यांवर पत्ते असतात. कधी तो पत्ता शेजारच्या इमारतीचा असतो, कधी गटातल्याच एखाद्या मुलाच्या घराचा. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रस्त्यावर, मोकळ्या जागेत वा नाल्यात कचरा टाकण्यास मनाई आहे, आणि कचरा निवडून वेगवेगळा देणे हे ज्याच्या घरी तो निर्माण होतो त्याचे कर्तव्य आहे. नियम हाती आहे, पत्ता हाती आहे. खोक्याचे छायाचित्र सर्वांना पाठवून त्या कुटुंबाची अब्रू काढण्याचा मोह तरुण वयात अनावर होतो. ते केले की पिशवी थांबत नाही, फक्त खोक्यावरचा पत्ता फाडला जातो.

त्याऐवजी दोघांनी संध्याकाळी त्या दारी जावे आणि एवढेच विचारावे, “काकू, गाडी येते तेव्हा घरी कोणी नसतं का?” बहुधा नसते. मग तळमजल्यावरच्या आजोबांकडे बादली ठेवण्याचे ठरते, किंवा गाडीची वेळ बदलून मागणारा अर्ज लिहिला जातो आणि त्यावर सर्वांत पहिली सही त्याच काकूंची असते.